कल्पित देवतांचा अर्थ

अमेरिकन लेखक हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) यांच्या भयकथांत अंतराळातून आलेल्या प्राचीन, महाबलाढ्य शक्ती आढळतात. काही माणसे त्यांना देव मानून भजतात. त्या शक्तींना मात्र मानवाच्या सुखदुःखाशी काहीच कर्तव्य नसते. लव्हक्राफ्ट यांनी आपल्या लेखकमित्रांनाही या देवतांवर कथा लिहिण्यास उत्तेजन दिले. त्यामुळे हे कथाविश्व अनेकांचे झाले.

त्यांचे चाहते व लेखक ऑगस्ट डर्लेथ यांनी या देवतांचा वेगळा अर्थ लावला. त्यांनी देवतांमध्ये सुष्ट आणि दुष्ट असे दोन पक्ष कल्पिले आणि दुष्ट देवतांची पृथ्वी, जल, वायू व अग्नी या तत्त्वांत विभागणी केली. त्यानुसार क्थुलू ही जलदेवता ठरली.

ही मांडणी समजण्यास सोपी होती. पुढे अनेक वाचकांना ती लव्हक्राफ्ट यांचीच वाटू लागली. परंतु १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॉल ऑफ क्थुलू’ या मूळ कथेत सागराचे खोल पाणीच क्थुलूची माणसांच्या मनापर्यंत पोहोचणारी हाक अडवते. जलदेवतेला जलाचाच अडथळा कसा होईल?

तर्क करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक वाचकाला असते. मात्र लेखकाने काय लिहिले आणि वाचकाने त्यात काय जोडले, हे मूळ कथा वाचूनच ठरवावे लागते.