एकच आकडा, दोन अर्थ : एएफपीचा रिपोर्ट वाचताना

समजा, दीपनगरच्या वसाहतीत एकाच इमारतीत दोन रिपोर्ट आले. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंना अठरावा आठवडा चालू आहे. खालच्या काकांचं यकृत जुन्या काविळीनंतर आक्रसलेलं. दोघांच्याही कागदावर ‘एएफपी : 50’. सूनबाईंच्या बाबतीत यात काही वावगं नाही. काकांना मात्र डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील.

एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. पोटातल्या बाळाचं यकृत हे प्रथिन बनवतं आणि त्यातलं थोडं आईच्या रक्तात उतरतं. जन्मानंतर ते झपाट्याने कमी होतं. निरोगी मोठ्या माणसात ते बहुधा मिलिलिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या आत असतं.

रक्त हाताच्या शिरेतून घेतात. या तपासणीसाठी उपाशी राहावं लागत नाही.

गरोदरपणात ही तपासणी साधारण 15 ते 20 आठवड्यांत होते. नमुन्यासोबतचा फॉर्म आपण घाईत भरतो, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. शेवटची पाळी कधी आली? उत्तर सणावरून येतं : ‘अखजीच्या आसपास’, ‘कानबाई बसल्या त्या आठवड्यात’. बोलण्यात हे चालतं, फॉर्मवर नाही. या काळात आईच्या रक्तातलं एएफपी दर आठवड्याला सुमारे 15 टक्क्यांनी वाढतं. खरे 18 आठवडे झालेले असताना 16 लिहिले, तर चांगला आकडाही विनाकारण जास्त दिसतो. म्हणून पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीचा कागद सोबत न्यावा. आईचं वजन, मधुमेह आणि जुळं असल्यास तेही न विसरता सांगावं.

रिपोर्टवर ‘एमओएम’ असं एक माप असतं. त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याच्या तुलनेत आपला आकडा किती पट, एवढंच ते सांगतं. एकच बाळ असताना ते 2.5 च्या वर गेलं, तर बाळाचा पाठीचा कणा किंवा पोटाची भिंत नीट मिटली आहे का, हे सविस्तर सोनोग्राफीत पाहतात. आकडा कमी असेल तर तो काही संप्रेरकांशी जोडून डाऊन सिंड्रोमची शक्यता मोजतात. ही शक्यताच असते, निदान नव्हे. खात्रीसाठी गर्भजलाची तपासणी असते. मुलगा की मुलगी हे एएफपीवरून कळत नाही.

आता काका. मोठ्या माणसात एएफपी वाढलं की घरचे थेट कॅन्सरवर येतात. यकृताला सूज असली, पेशी नव्याने वाढत असल्या, तरी ते चढतं. 20 च्या वर डॉक्टर सावध होतात. 400 च्या वर आणि सोनोग्राफीत गाठ असेल, तर संशय बळावतो. उलट चूक जास्त घातक, असं मला वाटतं : आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणं. यकृताच्या कॅन्सरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत एएफपी वाढतच नाही. म्हणून सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होण्याचा आजार, असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवता येत नाही.

आणखी एक. काही लॅब नॅनोग्रॅमऐवजी आंतरराष्ट्रीय एककांत आकडा देतात. असं 1 एकक म्हणजे सुमारे 1.2 नॅनोग्रॅम. भुसावळचा रिपोर्ट जळगावच्या रिपोर्टशी ताडण्याआधी एकक पाहावं, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं. काकांनी जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. डॉक्टर एका आकड्यापेक्षा तो कुठे सरकतोय हे आधी पाहतात.