हरीण पडल्यावर

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा सरत आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पेट्रोल पंपांवर, किराणा दुकानांत आणि गावाकडच्या बारमध्ये डोक्यापासून कमरेपर्यंत भडक नारिंगी घातलेली माणसं दिसू लागतात. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो आणि पाच लाखांहून अधिक परवानाधारक रानात शिरतात. बरेचसे बापाच्या किंवा आजोबांच्या मागून लहानपणीच रान शिकलेले असतात. पण या गर्दीत हल्ली एक वेगळा गडीही असतो. वय तिशी-चाळिशीचं, नोकरी शहरात, आणि आयुष्यात मटण कापलं असेल तर फक्त ओट्यावर.

आपल्याकडे हे वाचून भुवया उंचावणारच. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. हरणाची शिकार म्हटलं की आपल्याला कोर्ट आणि जामीनच आठवतो. तिकडे मात्र सरकारी खातंच मोठ्या माणसांना शिकार शिकवायचे वर्ग भरवतं.

याचं कारण हरणांच्या संख्येत आहे. तिथलं हरीण म्हणजे व्हाइट-टेल. पळताना शेपूट उभारतं आणि खालची पांढरी बाजू लखकन दिसते. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी त्याची इतकी बेसुमार कत्तल झाली, की १९००च्या सुमारास सबंध देशात जेमतेम पाच लाख हरणं उरली असावीत असा अंदाज आहे. त्याच वर्षी लेसी कायदा आला आणि चोरून मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरलं. राज्यांनी रानटी हरणाच्या मांसाची विक्रीच बंद केली. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. हरणं सावरली. नुसती सावरली नाहीत, तर त्यांना आवरणारे लांडगे बहुतेक ठिकाणी आधीच संपवलेले असल्यामुळे मोकाट वाढली. आज ती तीन कोटींच्या घरात असल्याचं मानतात. रस्त्यावर गाड्यांना हरणं धडकण्याचे प्रकार वर्षाला दहा लाखांवर जातात, आणि रानात कोवळी रोपं वर येण्याआधीच खुडली जातात.

हरणं जास्त झाली, थोड्या माद्याही मारायला हव्यात, हे विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा ठासून सांगणाऱ्यांत वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड होते. ऐन उमेदीत नैर्ऋत्येकडच्या जंगलखात्यात असताना त्यांनी स्वतः लांडगे मारण्याच्या धोरणाची पाठराखण केली होती. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर, लांडगे गेलेल्या रानाची हरणं कशी धूळधाण करतात ते त्यांनी पाहिलं. १९४३ साली ते राज्याच्या संवर्धन मंडळावर होते. त्या वर्षी माद्या मारायला परवानगी दिली गेली आणि सुमारे १ लाख २८ हजार हरणं पडली. लोक खवळले. ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असं त्या मोसमाचं नाव पडलं आणि वर्तमानपत्रांनी लिओपोल्डना झोडपून काढलं. आज त्याच राज्यात माद्यांचे जादा परवाने घ्या म्हणून शिकाऱ्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

कारण जुने शिकारी म्हातारे होत चालले आणि त्यांची मुलं शहरात गेली. म्हणून आता नव्यांचा शोध सुरू आहे. २०१६ साली जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी हरणांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने थेट भाजीबाजारात टेबल मांडलं, हरणाच्या मांसाचे तुकडे चाखायला दिले आणि ज्यांना ते आवडले त्यांना शिकारीच्या वर्गात ओढलं. युक्ती नामी होती. सेंद्रिय भाजी शोधत हिंडणाऱ्या माणसाला हे मांस पैसे टाकूनही मिळत नाही. हॉटेलात हरीण म्हणून जे वाढतात ते शेतावर पाळलेल्या प्राण्याचं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. रानातलं हवं असेल तर स्वतः मारायचं, नाहीतर मारणाऱ्याशी ओळख काढायची.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय स्वतंत्रपणे शिकार करता येत नाही. तो न करता जायचं, तर जाणता शिकारी हाताच्या अंतरावर हवा. तिथल्या रहिवाशाला परवाना २४ डॉलरला पडतो. कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी हवा. २०१६पासून भडक गुलाबीही चालतो. माणसांना भडक नारिंगी अर्ध्या मैलावरून दिसतो. हरणाला मात्र लाल-नारिंगी नीट वेगळा ओळखता येत नाही. त्याचं नाक आणि कान मात्र जबर. त्यामुळे नवख्याला पहिला धडा मिळतो तो वाऱ्याचा. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा, तो फिरला की उठून घरी गेलेलं बरं.

मग बसणं. झाडाला बांधलेल्या मचाणावर, पहाटेच्या अंधारात, शून्याखालच्या थंडीत. या भागाबद्दल शिकारी माणसं तासन् तास बोलतात. खरं तर त्यात सांगण्यासारखं फार नसतं. खारी पाचोळ्यात एवढा आवाज करतात की दर वेळी हरीणच आलं असं वाटतं.

गोळी कुठे मारायची हे आधीच पढवलेलं असतं. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या निम्म्या भागात, ताटलीएवढ्या जागेत काळीज आणि फुप्फुसं असतात. तिथे लागली तरी हरीण जागीच पडेल असं नाही. पन्नास-शंभर पावलं सहज पळतं. नवखा लगेच उतरून धावतो आणि तिथेच घोटाळा होतो. जखमी जनावर पाठलागाने बिथरून कोसभर जातं, म्हणून निदान अर्धा तास मचाणावरच बसायचं आणि मग रक्ताचा माग काढायचा. गुलाबी, फेसाळ रक्त दिसलं तर फुप्फुस फुटलंय, जनावर जवळच असणार. गडद तांबडं असेल तर यकृत. रक्तात हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटात लागलीय. मग काही तास थांबण्यावाचून इलाज नाही, आणि मांसाचीही खात्री नाही.

हरीण सापडलं की मागून जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली नाही, म्हणजे गेलं. इथपर्यंत सगळं शिकवलेलं असतं, चित्रफितींत पाहिलेलं असतं. पुढचंही पाहिलेलंच असतं, पण ऊब आणि वास चित्रफितीत नसतात.

मेलेल्या जनावराचं शरीर आतून तापलेलं असतं आणि पोटात किण्वन चालूच राहतं, त्यामुळे मांस नासू नये म्हणून आतडी-कोथळा जागच्या जागी काढावा लागतो. हातमोजे चढवायचे. हरीण पाठीवर, डोकं चढाकडे. आधी गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन ती नळी सुटी करायची. मग छातीचं हाड संपतं तिथे कातडीला चिमटीत धरून छोटं भोक पाडायचं, त्यात दोन बोटं घालायची आणि बोटांच्या मधे सुरीचं पातं, धार वर करून, ओटीपोटाकडे सरकवत न्यायचं. बोटं आतल्या पिशव्या खाली दाबून धरतात, म्हणून धार त्यांना लागत नाही. अनुभवी माणसाचं हे काम दोन मिनिटांत होतं. नवखा घामाघूम होतो, कारण सुरी एक बोट खोल गेली तर कोथळा फुटतो आणि अर्धवट पचलेल्या पाल्याची आंबट भपकी तोंडावर येते. मूत्राशय फुटलं तर त्याहून वाईट.

पोट उघडलं की थंडीत वाफ निघते. आता पोट आणि छाती यांच्यामधला पातळ, ताठ पडदा बरगड्यांच्या कडेने कापायचा. मग बाही कोपराच्या वर सारून हात छातीत घालायचा, पार गळ्यापर्यंत. तिथे काही दिसत नाही. बोटांना खडबडीत कडी-कडीची श्वासनळी लागते. एका हाताने ती धरायची, दुसऱ्या हाताने, आंधळेपणाने, तिच्या वरून सुरी फिरवायची. या क्षणी स्वतःचीच बोटं कापून घेणारे पुष्कळ. नळी सुटली की ओढायची आणि काळीज, फुप्फुसं, कोथळा, आतडी असा सगळा ऐवज एका झोकात बाहेर येतो. हरीण पालथं करून रक्त वाहू द्यायचं. काळीज आणि कलेजी वेगळ्या पिशवीत. साठ किलोच्या हरणाचं वजन आता सत्तेचाळीसच्या आसपास उतरतं, आणि ते रस्त्यापर्यंत ओढत न्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिकारीची नोंद करावी लागते, फोनवर किंवा संगणकावर. त्यानंतरचा टप्पा विस्कॉन्सिनमध्ये फार महत्त्वाचा. २००२ साली मॅडिसन शहराच्या पश्चिमेला माउंट होरेबजवळच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. कोलोरॅडोत १९६७ साली प्रथम दिसलेला हा रोग ‘मॅड काउ’च्याच कुळातला. विकृत प्रथिनांमुळे मेंदू सच्छिद्र होतो, हरीण झिजत झिजत मरतं, आणि ती प्रथिनं कितीही शिजवली तरी नष्ट होत नाहीत. माणसाला या मांसातून लागण झाल्याची नोंद आजवर नाही, तरीही रोग असलेल्या भागातलं हरीण तपासल्याशिवाय खाऊ नये आणि रोग निघालाच तर मांस टाकून द्यावं, असं अमेरिकेचं आरोग्य खातं सांगतं. त्यामुळे शिकारी हरणाचं मुंडकं पिशवीत घालून, चिठ्ठी भरून, ठिकठिकाणी ठेवलेल्या पेट्यांत नेऊन टाकतात. प्रयोगशाळेत घशामागच्या गाठी तपासतात. निकाल यायला एक-दोन आठवडे जातात, तोवर मांस फ्रीझरमध्ये.

धड टांगून दोन-चार दिवस थंडाव्यात ठेवलं तर ताठरलेले स्नायू सैलावतात. पाण्याचं बर्फ होणार नाही आणि चार अंशांवर पारा जाणार नाही, एवढीच काळजी. मग सोलणं. हे काम अनेकांना अनपेक्षित सोपं जातं. घोट्याशी काप दिला की कातडी, ओला सदरा अंगातून काढावा तशी, वजन टाकून ओढली की उतरत येते.

कापणीत नवख्याची परीक्षा वेगळी. आपल्याकडे खाटीक सुऱ्याच्या घावाने हाडासकट तुकडे करतो. इथे रोगाच्या भीतीने कणा आणि मेंदू कापायचाच नाही, मांस हाडावरून सोडवून घ्यायचं असा सल्ला असतो. खांदा तर सांध्याने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो. पाय वर उचलून मागून सुरी फिरवली की अख्खा हातात येतो. पाठीच्या दोन्ही बाजूंना कण्यालगत लांब पट्टे, ते फार मऊ. पोटाच्या आतल्या बाजूला आणखी दोन छोटे, ते बहुतेकांच्या घरी त्याच रात्री तव्यावर जायचे, आता निकालाची वाट बघतात. मागच्या मांडीत स्नायूंच्या मधे चरबीत लपलेली करडी गाठ असते, ती काढली नाही तर वास येतो. पांढरा चिवट पापुद्रा सोलायचा आणि चरबीही काढून टाकायची. बोकडाची चरबी रश्श्याला चव आणते, हरणाची मात्र मेणासारखी टाळूला चिकटते. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस वीतभर कापून टाकायचं, कारण शिशाच्या गोळीचे बारीक कण दूरवर पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं आणि तो सगळा फेकून द्यायला सांगितलं. कॅलिफोर्नियाने २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदीच घातली.

तिकडच्या मराठी माणसाला यात एक ओळखीचा चेहराही भेटू शकतो. ताडोबात जिप्सीसमोरून जाणारा आपला ठिपकेदार चितळ १९३०च्या दशकात टेक्ससमध्ये सोडला गेला. हवाईत तो त्याहून आधी, १८६०च्या दशकाच्या अखेरीस, राजा पाचवा कामेहामेहा याला भेट म्हणून हाँगकाँगहून पोहोचला होता. वाघ नाही, बिबट्या नाही. माउई आणि मोलोकाई बेटांवर त्याने कुरणं उजाड केली. भारतात ज्याला हात लावला तर तुरुंग, त्याला तिथे कमी करण्यासाठी माणसं नेमावी लागतात.

साठ किलोच्या हरणातून सराईत माणूस वीस-बावीस किलो नुसतं मांस काढतो. नवख्याचं त्याहून कमी निघतं आणि त्यातला निम्मा ऐवज आडव्या-तिरक्या तुकड्यांचा, म्हणजे खिम्याचा. अमेरिकन लोक त्यात डुकराची चरबी मिसळून सॉसेज भरतात. मराठी घरात कांदा जास्त परतून तेल सढळ घालावं लागतं, कारण या मांसात स्वतःचं तेल सुटतच नाही, आणि बोकडाच्या हिशेबाने शिट्ट्या दिल्या तर पाठीच्या पट्ट्याचाही भुगा होतो. फ्रीझरमधल्या पुड्यांवर मांडी, खांदा आणि तारीख लिहून ठेवलेली असली तर बरं. गोठल्यावर सगळे लाल गोळे एकसारखेच दिसतात.