नववीच्या इंग्रजीचे वर्ष आखताना

एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या खोलीत वार्षिक नियोजनाचे तक्ते फिरू लागतात. एका रकान्यात महिना, दुसऱ्यात धडा, तिसऱ्यात तासिका. इंग्रजीचा तक्ता तासाभरात भरून होतो, कारण तो अनुक्रमणिका समोर ठेवून भरता येतो. समोर कोण बसणार आहे, हे मात्र त्यात कुठेच येत नाही. मराठी पानाच्या वाचकांत नव्या कॅडेटांचे पालक बरेच असतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सैनिकी शाळेत नववीच्या वर्गात दोन प्रकारची मुले एकत्र येतात. काही सहावीपासून इथेच वाढलेली, काही थेट नववीत आलेली. सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते; नववीची मात्र इंग्रजीतूनच. त्यामुळे पालकांची अशी समजूत होते की जो नववीची परीक्षा पास झाला, त्याचे इंग्रजी तयार आहे. पण त्या 400 गुणांच्या परीक्षेत इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि सगळे पर्यायी. उत्तराचा गोल काळा केला की झाले. इंग्रजीचे एकही वाक्य मुलाला स्वतः लिहावे लागत नाही. तोच मुलगा इथे आला की त्याच्याकडून 100 ते 120 शब्दांचा वर्णनात्मक परिच्छेद मागितला जातो. दरी इथे आहे, आणि वर्षाची आखणी हिच्यापासून सुरू व्हायला हवी.

आता तासिकांचा हिशेब. वर्षाचे आठवडे 52. त्यातून उन्हाळी सुट्टी, दिवाळी, हिवाळी सुट्टी, परीक्षा, एनसीसीचे शिबिर काढले की हाती 30 आठवडे उरतात असे धरू. आठवड्याला 6 तासिका म्हणजे 180. क्रीडास्पर्धा, संचलनाचा सराव, वार्षिकोत्सवाच्या तालमी यांत 30 सहज जातात. उरल्या 150. बीहाइव्ह आणि मोमेंट्स ही पुस्तके धरली, तर कपात झालेल्या अभ्यासक्रमात बीहाइव्हचे 9 धडे, 8 कविता आणि मोमेंट्सच्या 8 कथा येतात. धड्याला 5 तासिका, कविता आणि कथेला प्रत्येकी 3 दिल्या, तर बेरीज 93. पुस्तक बदलले तरी हा हिशेब फारसा हलत नाही. म्हणजे 57 तासिका मोकळ्या राहतात. त्या आधीच बाजूला काढून ठेवल्या नाहीत, तर सावकाश चाललेल्या धड्यांत कुठे विरून जातात ते कळतही नाही.

या 57 पैकी 18 सुरुवातीलाच खर्चाव्यात: तीन आठवडे, पुस्तक बंद. रोज मोठ्याने वाचन, श्रुतलेखन आणि पाच वाक्ये स्वतःची. त्या पाच वाक्यांतून शिक्षकाला वर्षभराचे व्याकरण मिळते. बस्सीच्या आसपासची मुले ढुंढाडी बोलतात, काही घरी हिंदी बोलतात, आपली सातारा-सांगलीकडची मराठी. पण चुका बऱ्याचशा सारख्याच, कारण तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि अ, ॲन, द यांना जोड नाही. ‘काल मी पत्र लिहिले’ हे मनात ठेवून लिहिणारा मुलगा ‘यस्टरडे आय लेटर रोट’ असे लिहितो. खुर्ची आपल्याकडे ‘ती’, म्हणून इंग्रजीतही ‘शी’. शब्दलेखनाचे दुखणे वेगळे. देवनागरी जसे लिहिले तसे वाचायची सवय असलेल्या मुलाला ‘नाइफ’मधला मुका ‘के’ अन्याय वाटतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. (ढुंढाडीत आणि मराठीत ‘ळ’ आहे, हिंदीत नाही. इंग्रजीला याचा उपयोग शून्य, पण वसतिगृहात मैत्री जमायला पुरतो.)

पुढच्या 25 तासिका आठवड्याला एक याप्रमाणे लेखनाला. परिच्छेद लिहायचा, तपासून घ्यायचा आणि तोच पुन्हा लिहायचा. पुन्हा लिहिणे वगळले तर लाल शाई वाया जाते. मोमेंट्समधल्या कथा मुलांनी रात्रीच्या प्रेपमध्ये आधी वाचून याव्यात. तीन तासिकांत त्या बसवायच्या तर दुसरा मार्ग नाही.

धड्यांचा क्रमही पुस्तकाचाच ठेवला पाहिजे असे नाही. संतोष यादव यांच्यावरचा धडा बीहाइव्हमध्ये सातवा आहे. जयपूरच्या महाराणी कॉलेजात शिकताना वसतिगृहाच्या खोलीतून त्यांना अरवलीच्या टेकड्या चढणारी माणसे दिसत. पुढे 1992 आणि 1993 मध्ये त्या दोनदा एव्हरेस्टवर गेल्या. जयपूर इथून तीसेक किलोमीटर. त्याच अरवलीच्या टेकड्या आपल्या मुलांनाही दिसतात. हा धडा जुलैत, पाऊस पडून टेकड्या हिरव्या झाल्यावर घ्यावा आणि परिच्छेदाचा विषय त्यातूनच द्यावा.

जुलैचे आणखी एक कारण आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की काही मुले तेव्हाच वर्गात येतात. त्यांचे सुरुवातीचे तीन आठवडे बुडालेले असतात, आणि वर्ग तोवर चौथ्या धड्यावर गेलेला असतो. अशी मुले मागच्या बाकावर गप्प बसतात. गप्प आहेत म्हणून शहाणी वाटतात आणि अर्धवार्षिक परीक्षेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाहीत. त्यांच्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये प्रेपच्या वेळी रोज वीस मिनिटे वाचनाची सोय तक्त्यातच लिहून ठेवावी. जोडीला सहावीपासूनचा एखादा कॅडेट द्यावा. तोही शिकवता शिकवता पक्का होतो.

उरलेल्या 14 तासिका बोलण्यासाठी. 80 गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात आणि त्यात श्रवण-संभाषण येते. ते फेब्रुवारीत दोन दिवसांत उरकण्यापेक्षा दर पंधरवड्याला एक तासिका द्यावी. एनडीएच्या 900 गुणांच्या लेखी परीक्षेत इंग्रजीचे 200 गुण आहेत, हे पालक नेहमी विचारतात म्हणून सांगतो. पण नववीत त्या प्रश्नसंचांची घाई नको. सुट्टीत मुलगा घरी आला की त्याच्याशी मराठीतच बोला. फक्त रोज एक पान इंग्रजी त्याला मोठ्याने वाचायला लावा, आणि आपल्याला समजत नसले तरी समोर बसून ऐका.