मराठीतून विज्ञान: मराठी विज्ञान परिषदेची साठ वर्षे

मुंबईत चुनाभट्टीला, वि. ना. पुरव मार्गावर, विज्ञान भवन नावाची इमारत आहे. मराठी विज्ञान परिषदेचा कारभार इथून चालतो. परिषदेची स्थापना २४ एप्रिल १९६६ची, म्हणजे संस्थेने वयाची साठी गाठली. स्वयंसेवी कार्यकर्त्यांच्या बळावर चालणारी, विज्ञानासारखा ‘अवघड’ मानला गेलेला विषय घेऊन बसलेली संस्था इतकी वर्षे टिकते आणि कामात राहते, याचे मोल मराठी समाजाने अजून पुरते ओळखलेले नाही, असे मला वाटते.

स्थापनेची निकड

मराठीत विज्ञानलेखन त्याआधीही होत होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४०मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, त्यात शास्त्रीय विषय असत. पुण्यातून १९२८पासून ‘सृष्टिज्ञान’ निघू लागले. पण हे प्रयत्न आपापल्या जागी चालू होते. संशोधक, डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आणि नुसते कुतूहल असलेला वाचक यांना एकत्र आणणारे व्यासपीठ नव्हते. महाराष्ट्र राज्य १९६०मध्ये झाले, मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. प्रयोगशाळेतला मराठी माणूस मात्र घरी मराठी आणि कामावर इंग्रजी अशा दोन कप्प्यांत जगत होता. कामाबद्दल घरच्यांना चार वाक्ये सांगायची, तर त्याची जीभ अडखळत असे.

पेशाने इंजिनिअर असलेल्या म. ना. गोगटे यांनी पुढाकार घेतला. नामवंत वैद्यकतज्ज्ञ डॉ. रा. वि. साठे पहिले अध्यक्ष झाले. सभासद होण्यासाठी विज्ञानाची पदवी असण्याची अट नव्हती. म्हणूनच परिषद केवळ तज्ज्ञांची सभा झाली नाही. दुसऱ्याच वर्षी, १९६७मध्ये, परिषदेचे मासिक सुरू झाले. दरवर्षी मराठी विज्ञान अधिवेशन भरू लागले. गावोगावी विभाग निघाले आणि गोवा, बेळगाव, बडोदे अशा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्तीतही ते पोहोचले.

कथास्पर्धा आणि एक अनोळखी लेखक

परिषदेचे सर्वांत मोठे देणे कोणते, असे विचारले तर मी विज्ञानकथा स्पर्धेचे नाव घेईन. ती १९७०मध्ये सुरू झाली. व्याख्यान ऐकायला येणारा माणूस मुळात उत्सुक असतो. कथेचे तसे नाही. विज्ञानाकडे कधी न फिरकणाराही कथा वाचतो.

या स्पर्धेसाठी १९७४मध्ये ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप, कोणाच्याच ओळखीचे नव्हते. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजहून १९७२मध्ये परतून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. त्यांना ‘पद्मभूषण’ तर १९६५मध्येच मिळाले होते. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले. अक्षरही ओळखू येऊ नये, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. अहमदाबादच्या एका परिषदेत रटाळ भाषण चालले असताना ही कथा कागदावर उतरायला लागली, अशी आठवण नारळीकर सांगत.

या प्रसंगात मला दोन गोष्टी दिसतात. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मराठीतल्या एका स्पर्धेत सामान्य स्पर्धक म्हणून उतरावेसे वाटले, एवढी त्या स्पर्धेची पत होती. आणि परीक्षकांनी अनोळखी लेखकाच्या कथेला पहिले स्थान दिले, म्हणजे तपासणी चोख होती. पुढे कराडच्या १९७५च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या वाटेची दखल घेतली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या लेखणीने मराठी विज्ञानकथा बहरली. नाशिकच्या २०२१च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले.

गच्चीवरची शेती

परिषदेचा शहरी शेतीचा उपक्रम विज्ञान थेट घरात आणतो. कल्पना साधी आहे. जुन्या पिंपात किंवा जाड पिशवीत तळाला भोके पाडायची. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडे आणून त्यात दाबून भरायची. मधूनमधून भाज्यांची देठे, फळांच्या साली, वाळका पाला टाकायचा आणि वर माती किंवा तयार खताचा पातळ थर देऊन रोप लावायचे.

यामागचे विज्ञान समजून घेतले, की हात आपोआप बरोबर चालतो. नुसत्या मातीची कुंडी जड असते, ओली झाली की स्लॅबवर भार वाढतो. चिपाडे हलकी असतात, पाणी धरून ठेवतात आणि मुळांना हवाही मिळू देतात. चिपाडांत कर्ब भरपूर, पण नत्र कमी, म्हणून नत्र पुरवणारा हिरवा ओला कचरा घालायचा. थोडी माती किंवा तयार खत हवेच, कारण कुजवणारे जीवाणू त्यातून येतात. काही आठवड्यांनी भर खाली बसते. काहीतरी बिघडले असे समजून नवशिके घाबरतात. खरे तर आतले कुजण्याचे काम नीट चालल्याची ती खूण असते. वरून आणखी कचरा घातला की झाले.

कचऱ्याच्या डब्यातला निम्मा माल असा घरीच जिरतो आणि सोसायटीतल्या आजीबाईंना कर्ब-नत्राचे गुणोत्तर कळते. हेच विज्ञानशिक्षण आहे, असे माझे ठाम मत आहे.

रोजच्या वाचकासाठी

‘लोकसत्ता’तले ‘कुतूहल’ हे सदर परिषदेचे लेखक चालवतात. वर्षभर एकच विषय धरून रोज छोटे टिपण येते. कधी मूलद्रव्ये, कधी कृत्रिम बुद्धिमत्ता. इतक्या कमी शब्दांत अचूक लिहिणे फार अवघड असते, हे स्वतः लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

इतर भाषांमध्ये

कोलकात्यात सत्येंद्रनाथ बोस यांनी १९४८मध्ये बंगीय विज्ञान परिषद काढली. केरळची शास्त्र साहित्य परिषद १९६२ची. तिने सायलेंट व्हॅलीतल्या धरणाविरुद्ध लोकमत उभे केले. केरळची संस्था चळवळ झाली. मराठी परिषदेने लेखन, व्याख्यान आणि प्रशिक्षणाचा शांत मार्ग धरला. त्यामुळे तिचा आवाज धोरणांच्या वादात कमी ऐकू येतो, ही उणीव मला जाणवते. नद्यांचे प्रदूषण, शहरातली हवा, औषधांच्या नावाखाली विकले जाणारे खोटे दावे, अशा प्रश्नांवर तिने अधिक ठणकावून बोलावे.

आपल्याला काय करता येईल

परिषदेला पैशाइतकीच माणसांची गरज आहे. शिक्षकांनी जवळच्या विभागाशी संपर्क साधावा, शाळेत एक व्याख्यान ठेवावे. डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक मंडळींनी आपल्या कामातला एक मुद्दा, नातेवाइकाला समजेल असा, मराठीत लिहून मासिकाकडे पाठवावा. आणि गोष्ट सुचत असेल, तर ती कथास्पर्धेला पाठवा.