जुने वाण जपणाऱ्या गावांसाठी १० लाखांचा पुरस्कार

तुमच्या गावात भात, नाचणी, वाल किंवा इतर पिकांचे जुने वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले जात आहेत का? मग ही माहिती तुमच्यासाठी आहे.

पुरस्कार कोणता?
प्लांट जीनोम सेव्हिअर कम्युनिटी पुरस्कार. पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ अंतर्गत केंद्र सरकारचे प्राधिकरण तो राष्ट्रीय जनुक निधीतून देते.

काय मिळते?
• समूहासाठी: १० लाख रुपये, मानपत्र व स्मृतिचिन्ह (वर्षाला जास्तीत जास्त ५)
• वैयक्तिक शेतकऱ्यासाठी: दीड लाख (१० पर्यंत) किंवा १ लाख रुपये (२० पर्यंत)

कोणाला मिळू शकतो?
स्थानिक वाण किंवा पिकांचे रानटी भाईबंद जपणाऱ्या आणि निवड करून सुधारणाऱ्या शेतकरी समूहांना, विशेषतः आदिवासी व ग्रामीण समूहांना. केवळ जुने बियाणे घरात असणे पुरेसे नाही. ते तुम्ही जपले, वाढवले आणि त्याचा उपयोग झाला, हे दाखवावे लागते.

तयारी आजच करा
• प्रत्येक वाणाचे स्थानिक नाव, किती काळापासून पेरले जाते, पाऊस, कीड, चव यांबाबतचे गुण लिहून ठेवा. जाणत्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. त्यांच्याबरोबर ही माहितीही जाते.
• कोणी कोणाला बियाणे दिले, याची वही ठेवा.
• ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत या वाणांची नोंद करून घ्या.
• अर्ज मागवल्यावर जिल्हा कृषी कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्राची मदत घ्या.

लक्षात ठेवा
पुरस्कार म्हणजे वाणाची मालकी नव्हे. ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदणी वेगळी करावी लागते. त्यासाठी शेतकऱ्यांना शुल्क नाही. म्हणून कोणी शुल्काच्या नावाखाली पैसे मागितल्यास देऊ नका.

गावातूनच सुरुवात
ओडिशातील कोरापुटच्या कमला पुजारी यांना भाताचे वाण जपल्याबद्दल २०१९ मध्ये, तर अहिल्यानगरमधील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांसाठी २०२० च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली. दोघींचे काम घरच्या बियाण्यांपासूनच सुरू झाले. तुमच्या कणगीतले वाणही नोंदीशिवाय हरवू देऊ नका.