जुने नौका-इंजिन घेताना घ्यावयाची दक्षता

पावसाळी मासेमारीबंदीचा १ जून ते ३१ जुलै हा ६१ दिवसांचा काळ म्हणजे कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांच्या डागडुजीचा हंगाम होय. अर्नाळ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, जाळ्यांची दुरुस्ती होते आणि इंजिने खोलली जातात. नव्या इंजिनाची किंमत न परवडणारा मच्छीमार याच सुमारास जुन्या इंजिनाच्या शोधात असतो. असे इंजिन स्वस्तात घेऊन, त्याचे झिजलेले भाग बदलून ते नव्याने बांधणे हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र निवड चुकली, तर कर्ज डोक्यावर आणि नौका किनाऱ्यावर अशी अवस्था होते. मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी व किनारी गावांतील ग्रामपंचायत सदस्य यांचा सल्ला अशा वेळी घेतला जातो. त्यांनाही या तपासणीची माहिती असणे उपयुक्त ठरेल.

झीज आणि नुकसान

बांधण्यासाठी घ्यावयाचे इंजिन आज चालते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. पिस्टन, रिंगा, लायनर, बेअरिंग व व्हॉल्व्ह हे भाग झिजणारच; ते बदलता येतात. ब्लॉक, हेड आणि क्रँकशाफ्ट यांची गोष्ट वेगळी. यांपैकी एखाद्यास तडा गेला असेल किंवा तो खाऱ्या पाण्याने खाल्ला असेल, तर स्वस्त इंजिन महाग पडते. क्रँकशाफ्ट लेथवर घासून पुन्हा वापरता येतो. हे घासणे बहुधा ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी होते. उत्पादकाने ठरविलेल्या अखेरच्या टप्प्यापर्यंत तो आधीच घासलेला असेल, तर पुढे वाव राहत नाही. म्हणून पूर्वी किती घासकाम झाले, हे विचारून मोजमापाने पडताळावे.

खाऱ्या पाण्याच्या खुणा

सागरी इंजिनाचा खरा शत्रू म्हणजे मीठ. काही इंजिने थेट समुद्राच्या पाण्याने थंड केली जातात; त्यांच्या ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा आतून गंजून अरुंद व पातळ होतात. काहींत गोडे पाणी फिरते व ते समुद्राच्या पाण्याने नळ्यांच्या शीतकात थंड होते. तेथे नळ्या व जस्ताचे संरक्षक तुकडे पाहावेत. हे तुकडे स्वतः झिजून इतर धातू वाचवितात. ते पूर्णपणे संपलेले आढळल्यास देखभालीकडे दुर्लक्ष झाले, असे समजावे.

तेलाची तपासणी इंजिन रात्रभर बंद राहिल्यानंतर करावी. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी साचते. तळाचा बूच सावकाश सैल करताच प्रथम पाणी आले, किंवा तेल दुधाळ दिसले, तर हेडचे गॅस्केट, तडा अथवा शीतक यांत दोष संभवतो. तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येत असेल, तर इंधन गळत आहे.

थंड इंजिन सुरू करून पाहणे

विक्रेत्याने इंजिन आधी तापवून ठेवू नये, अशी अट घालावी. तापलेल्या इंजिनात सुरू होण्यातील अडचणी झाकल्या जातात. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर काळा धूर हवा कमी पडत असल्याचे, नोझल बिघडल्याचे अथवा अति भाराचे लक्षण असतो. पांढरा धूर थंडपणी थोडा वेळ दिसणे साहजिक आहे; इंजिन तापल्यावरही तो टिकला, तर न जळलेले इंधन किंवा सिलिंडरमध्ये जाणारे पाणी यांचा संशय घ्यावा. गोड्या पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे येणे हेही गॅस्केट वा तडा यांचे चिन्ह होय.

बंद पडलेले इंजिन नोझल काढून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. ते अडकलेले असल्यास जोर न लावता सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून वाट पाहावी. तरीही न फिरणारे, विशेषतः समुद्रात बुडालेले इंजिन, केवळ सुट्या भागांच्या किमतीत घेण्याजोगे असते.

कागदपत्रे व हिशेब

इंजिन क्रमांक खोडलेला नसावा आणि तो विक्रेत्याच्या कागदपत्रांशी जुळावा. नौकेवर इंजिन बदलल्यावर त्याची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात करून घ्यावी. गिअर बॉक्स सोबत मिळणार काय, त्याच्या पुढच्या व मागच्या दोन्ही चाली लागतात काय, आणि त्या जातीच्या इंजिनाचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात काय, हेही पाहावे.

किंमत ठरविण्यापूर्वी अनुभवी मेस्त्रीकडून सुटे भाग, लेथकाम, वाहतूक व बसविण्याची मजुरी यांचा अंदाज लेखी घ्यावा. ही बेरीज खरेदीच्या रकमेत मिळवूनच नव्या इंजिनाशी तुलना करावी. शक्य तर अल्प विसार देऊन, हेड व ब्लॉक यांची पाण्याच्या दाबाखाली चाचणी झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावयाची, असा लेखी करार करावा. खोल समुद्रात इंजिन बंद पडले, तर नौकेवरील साऱ्या खलाशांचा जीव धोक्यात येतो. या दोन दिवसांच्या तपासणीचे मोल त्यावरूनच ठरवावे.