चिमूटभर गॅसची रायफल

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदवाल्याला वाफेचं गणित कुणी शिकवायला जाऊ नये. बॉयलरची वाफ कमी पडली की हळकुंड आतून कच्चं राहतं, फार झाली की रंग बिघडतो. त्याच जिल्ह्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. पोलिसांनी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवलेल्या एसएलआर रायफलीचं गणितही अगदी हळदीचंच. फरक इतकाच की तिथे वाफेऐवजी जळालेल्या दारूचा गॅस असतो, आणि सगळा खेळ सेकंदाच्या किरकोळ अंशात आटोपतो.

नावातच सगळं आलं
एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. घोडा दर वेळी जवानानेच दाबायचा, पण पुढचं काडतूस भरायचं काम रायफल स्वतः करते. त्यासाठी तिच्यात मोटर नाही, बॅटरी नाही. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक आहे. गोळी त्याच्या पुढे सरकली की मागून रेटणाऱ्या गॅसचा थोडासा वाटा भोकातून वर शिरतो आणि पिस्टनला धक्का देतो. त्या धक्क्याने मागचा ब्लॉक उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, आणि स्प्रिंग ब्लॉकला परत पुढे आणताना नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. गोळीला पाठवून उरलेल्या गॅसवर एवढं सगळं चालतं! उरलंसुरलं अन्न संपवणारी आजीच म्हणा ना.

‘उघडा’ म्हणजे कमी
गॅसचा हा वाटा कमीजास्त करायला एसएलआरला रेग्युलेटर असतो. गॅस सिलिंडरभोवती (स्वयंपाकघरातलं नव्हे) बसलेली, अंक कोरलेली आणि टकटक फिरणारी एक रिंग. नवखा इथे हमखास फसतो. रेग्युलेटर जितका उघडा, तितका पिस्टनला गॅस कमी! कारण ही रिंग भोक लहानमोठं करत नाही, नको असलेला गॅस बाहेरच्या हवेत सोडून देते. कुकरची शिटी उचलून धरल्यासारखं.

म्हणून रिंग लावायची रीतही उलट्या बाजूने सुरू होते. आधी ती पूर्ण उघडायची आणि एकेक गोळी झाडायची. ब्लॉक अर्ध्यातूनच परतला, पुंगळी नीट फेकली गेली नाही, की समजायचं गॅस अपुरा आहे. मग एकेक टक बंद करत जायचं. रायफल बिनचूक चालू लागली की धूळ, काजळी आणि थंडीचा विचार करून वर एखाददोन टक द्यायचे, बस्स. ‘जास्त गॅस म्हणजे जास्त जोर’ हा शुद्ध गैरसमज आहे. गोळीचा वेग त्याने वाढत नाही. वाढतो तो खांद्याला बसणारा धक्का आणि आतल्या भागांची झीज.

एक प्लग फिरवा, शंभर वर्षं मागे जा
रेग्युलेटरच्या पुढे गॅस प्लग असतो. तो फिरवला की पिस्टनकडे जाणारा गॅस साफ बंद होतो. नळीच्या टोकावरून ग्रेनेड उडवताना सगळा जोर पुढेच हवा, म्हणून ही सोय. प्लग चुकून तसाच राहिला, तर ही रायफल गोळीगणिक हाताने खेचावी लागते. चारेक किलोंचं यंत्र आणि अवतार आजोबांच्या बंदुकीचा.

गवत हललं, कल्पना सुचली
अमेरिकेतल्या युटाह राज्यात १८८९ च्या सुमारास जॉन ब्राउनिंग नेमबाजी बघत होता. बंदुकीच्या तोंडातून निघालेल्या झोताने समोरचं गवत आडवं होताना त्याने पाहिलं. बाकीच्यांना गवत दिसलं, त्याला फुकट जाणारी ताकद दिसली. त्यातून गॅसवर चालणारी बंदूक जन्मली. १९२६ मध्ये बेल्जियमच्या एफएन कारखान्यात काम करतानाच तो वारला. त्याचं अपुरं राहिलेलं पिस्तूल पुरं केलं द्यूदोने सेव्ह याने, आणि याच सेव्हने पुढे एफएएल रायफल घडवली. आपली एसएलआर ही त्या एफएएलचीच भारतीय बहीण. १९६२ च्या युद्धात आपले जवान जुन्या थ्री-नॉट-थ्रीवर लढले, त्यानंतर पश्चिम बंगालच्या ईशापूर कारखान्यात एसएलआर बनू लागली. या कुळाच्या रायफली इतक्या पसरल्या की १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटन आणि अर्जेंटिना एकमेकांवर त्यांनीच गोळ्या झाडत होते.

इन्सास रायफल तर घरचीच. तिचं डिझाइन पुण्यात पाषाणच्या एआरडीई संस्थेत झालं. पिस्टनची तऱ्हा कलाश्निकोव्हची, म्हणजे एके-४७ ची घेतली, पण गॅस रेग्युलेटर एफएएलच्या वळणाचा. खुद्द कलाश्निकोव्हला मात्र असली रिंगच नाही. तिथे सुरुवातीपासूनच सढळ हाताने गॅस! चिखल असो, धूळ असो, ती चालते, आणि त्याचं मोल धक्क्याने वसूल करते.

‘गॅस ब्लॉक’ कोणता घ्यावा?
हा प्रश्न अमेरिकेतल्या एआर-१५ रायफलवाल्या हौशी नेमबाजांचा. त्यांच्याकडे नळीच्या भोकावर बसणारा ठोकळा, म्हणजेच गॅस ब्लॉक, बदलता येतो. एका जातीत स्क्रू भोकाची वाट अडवतो, दुसरीत एसएलआरसारखा जादा गॅस बाहेर सुटतो. स्क्रूवाला स्वस्त आणि सुटसुटीत, पण काजळीने जाम होतो. म्हणून टकटक वाजत जागेवर थांबणारा बरा. ठोकळ्याचं माप नळीशी तंतोतंत जुळायला हवं; ०.७५ इंच हे नेहमीचं. नळीला सायलेन्सर लावला की गॅस मागे तुंबतो आणि थेट तोंडावर येतो. अशा वेळी या ठोकळ्याची खरी किंमत कळते. आपल्याकडे हा प्रश्न पडणार नाही, कारण असल्या रायफली कायद्याने सामान्य परवान्याच्या पलीकडच्या आहेत.

शून्य गॅसचं हत्यार
गॅसशिवायचं हत्यारही याच हिंगोलीने पाहिलंय. इथे कधीकाळी निजामाच्या पदरच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ती १९०३ पर्यंत टिकली. या छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. इंग्रज लेखक फिलिप मेडोज टेलरने लिहून ठेवलंय की हा गृहस्थ ठगांचा म्होरक्या निघाला. येणाऱ्या मालासाठी त्याने इंग्रज साहेबाकडून रीतसर पास काढला, मालाच्या धन्याला वाटेतच संपवलं आणि कापड छावणीत उजळ माथ्याने विकलं. ठगांचं हत्यार म्हणजे गळा आवळायचा एक रुमाल. गॅस नाही, पिस्टन नाही, आवाजही नाही.

पुंगळी सांगते
पुन्हा एसएलआरकडे. रेग्युलेटर बरोबर लागलाय की नाही हे कळायला यंत्र लागत नाही, पुंगळी कुठे पडते ते बघावं. पायाशी लोळली तर गॅस कमी, भलतीकडे भिरकावली गेली तर जास्त. आणि सरावानंतर पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक जरी कमी भरली तरी सगळे वाकून गवतात शोधत बसतात, ब्राउनिंगने पाहिलं होतं तसल्याच गवतात.